जंतूंचे बिऱ्हाड: आधी की नंतर

बकरी ईद जवळ आली की भिवंडीच्या निजामपुऱ्यात बकऱ्यांना जागा पुरत नाही. जिन्याखाली, ओट्यावर, मागांच्या कारखान्याच्या दाराशी, जिथे खिळा ठोकता येईल तिथे दोरी बांधलेली असते. गिऱ्हाईक येते, पाठीवर हात फिरवते आणि मग बकऱ्याचा खालचा ओठ खाली ओढून दात बघते. मधले दोन दात रुंद, मोठे दिसले की सौदा पुढे सरकतो. कुर्बानीच्या बकऱ्याला वर्ष पूर्ण झालेले असावे लागते आणि दुधाचे मधले दोन दात पडून तिथे कायमचे दात यायला साधारण वर्ष-सव्वा वर्ष लागते. त्यामुळे ‘दो दांत’ हा बकऱ्याचा जन्मदाखला ठरतो. घाटावरच्या बैलबाजारातही अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला अशी हीच मोजणी चालते.

वरचा ओठ मात्र कोणी उचलून बघत नाही. बघितला तर तिथे पुढचा एकही दात सापडणार नाही. बकरी, मेंढी, गाय, म्हैस या सगळ्यांच्या वरच्या जबड्यात समोर दातांऐवजी एक टणक गादी असते. खालचे आठ दात त्या गादीवर दाबून चारा तोडायचा, हा त्यांचा रिवाज. गाय जिभेने गवताला विळखा घालून ओढते. बकरीचा वरचा ओठ चपळ आणि दुभंगलेला असतो, काटेरी बाभळीतून ती नेमके कोवळे पान वेचून काढते. म्हशीला असली निवड जमत नाही. ती घास लपेटते आणि गिळते. ओठांमधला हा फरक लक्षात ठेवा. पुढे एका जीवघेण्या आजाराच्या वेळी तो कामाला येणार आहे.

पाळीव जनावरांच्या पोटांची तुलना करायची म्हटली की पुस्तके पहिल्याच पानावर एक पोट, चार पोटे अशी विभागणी करून टाकतात. ती चुकीची नाही, पण तिच्यातून फारसे काही उलगडत नाही. चारच का, आणि चार असून फायदा काय, हे प्रश्न तसेच राहतात. मला विचाराल तर खरा प्रश्न वेगळाच आहे. गवत, पेंढा, पाला यांचा मुख्य भाग असतो सेल्युलोज. सेल्युलोज तोडणारे पाचकद्रव्य गाय, बकरी, घोडा, ससा यांच्यापैकी एकाच्याही शरीरात तयार होत नाही. ते बनवतात जंतू. म्हणजे गवत खाऊन जगायचे असेल तर पोटात जंतू पाळणे आले, त्यांना ऊब, ओल आणि अन्न देणे आले. आता हे बिऱ्हाड ठेवायचे कुठे? खऱ्या जठराच्या आधी की नंतर? निजामपुऱ्याच्या गल्लीत दिसणाऱ्या प्रत्येक जनावराने याचे आपापले उत्तर दिलेले आहे. त्याचे शेण, त्याचे आजार, त्याने काय खाल्ले तर चालेल आणि कशाने मरेल, यातले बरेचसे त्या उत्तरावरून ठरते.

बकरी आणि म्हशीचे उत्तर आहे: आधी. अन्ननलिका संपते ती थेट जठरात नव्हे, तर कोठीपोटात. मोठ्या गाई-म्हशीच्या चारही कप्प्यांत मिळून शंभर ते दोनशे लिटर माल मावतो आणि त्यातला सुमारे चार पंचमांश वाटा एकट्या कोठीपोटाचा असतो. पोटाची जवळजवळ सगळी डावी बाजू त्याने व्यापलेली असते. त्याच्या आतल्या पृष्ठभागावर बारीक मऊ लव उभी असते. वजडी साफ करणाऱ्याने ती हाताळलेली असते आणि भिवंडीसारख्या कापडाच्या गावात तिला टर्किश टॉवेल म्हटले तर कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्याला लागून पुढे जाळीपोट, ज्याच्या आत उंच कडांचे बहुकोनी कप्पे असतात. तिसरे पडदेपोट, एकावर एक पानांसारख्या पडद्यांनी भरलेले. इथे पाणी शोषले जाते. चौथे ते खरे पोट. आपल्या जठरासारखे आम्ल आणि पाचकरस तिथेच पहिल्यांदा भेटतात. 2015 पासून महाराष्ट्रात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी असल्याने मोठ्या जनावराच्या मांसाच्या दुकानात हे चारही कप्पे दिसतात ते म्हशीचे किंवा रेड्याचे. बकऱ्याचे तर घरोघरी दिसतात. ईदच्या दुसऱ्या दिवशी ओझडी धुणाऱ्या बाईला जाळी कुठली आणि पडदे कुठले हे कोणत्याही विद्यार्थ्यापेक्षा लवकर ओळखता येते.

कोठीपोटात जे चालते ते पचन म्हणण्यापेक्षा आंबवणे आहे. तापमान 39 अंशांच्या आसपास, प्राणवायू नाही, आणि एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींच्या घरात जीवाणू. त्यांच्यासोबत पोहणारे एकपेशीय जीव, जे ग्रुबी आणि डेलाफोंड या दोघांनी 1843 मध्ये पहिल्यांदा पाहिले. बुरशी मात्र कित्येक वर्षे कोणाच्या लक्षातच आली नाही. तिचे पोहणारे बीजाणू लोकांना एकपेशीय प्राणीच वाटत. 1975 मध्ये कॉलिन ऑर्पिन यांनी ती बुरशी असल्याचे दाखवले. प्राणवायूशिवाय जगणारी बुरशी असू शकते हेच तोवर कोणाला पटण्यासारखे नव्हते. ही सगळी मंडळी सेल्युलोज तोडून ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी साधी आम्ले बाहेर टाकतात आणि ती कोठीपोटाच्या भिंतीतून थेट रक्तात जातात. म्हशीला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे सत्तर टक्के भाग या आम्लांतून येतो. आपण साखरेवर जगतो, म्हैस जवळपास व्हिनेगरवर.

एवढे आम्ल रोज तयार होत असताना पोट आंबट होऊन जंतू मरत कसे नाहीत? लाळेमुळे. मोठी गाय दिवसाला शंभर ते दीडशे लिटर लाळ गिळते आणि तिच्यात खाण्याच्या सोड्याचाच क्षार भरपूर असतो. जनावर सावलीत बसून डोळे अर्धवट मिटून रवंथ करते तेव्हा ते आळसात बसलेले नसते. घास वर आणून पुन्हा चावताना तो बारीक होतो आणि त्यात लाळ मिसळते. दिवसाचे सहा ते नऊ तास या कामात जातात. आंबवण्यातून निघणारा वायू, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन, ढेकरेवाटे बाहेर जातो. ढेकर अडली तर काही तासांत पोट ढोलासारखे फुगते, आधी डाव्या भकाळीत, आणि फुगलेले कोठीपोट छातीवर दाब देऊन जनावराला गुदमरवते. पशुवैद्य अशा वेळी डाव्याच भकाळीत सुई किंवा नळी का खुपसतो, हे आता वेगळे सांगायला नको.

इथे ईदच्या बकऱ्यांबद्दल थोडे रागानेच लिहावेसे वाटते. दहा-पंधरा दिवसांचा पाहुणा म्हणून मुले त्याला लाडाने गहू, भिजवलेले चणे, पाव, चपात्या, बिस्किटे, उरलेला भात चारतात. गावाकडे पाल्यावर वाढलेल्या बकऱ्याच्या कोठीपोटात सेल्युलोज तोडणारी वस्ती असते. त्यात अचानक स्टार्च ओतला की वेगळेच जीवाणू बेसुमार वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता वाढली की जुनी वस्ती मरते, कोठीपोटाची हालचाल थांबते, शरीरातले पाणी पोटात ओढले जाते. बकरा खाली मान घालून उभा राहतो, दात खातो, पातळ हगतो, पोटात पाणी डचमळते. घरातल्यांना वाटते उपाशी आहे, आणि ते आणखी पाव देतात. हेच तबेल्याजवळ लग्नाचा उरलेला भात ओतला की म्हशीच्या बाबतीत घडते. थोडक्यावर निभावले तर खाण्याचा सोडा पाजून सुधारणा होते, पण गंभीर आम्लतेत तेवढ्याने काही होत नाही आणि वेळ दवडणे जिवावर बेतते. बकऱ्याला त्याच्या ओळखीचा पाला आणि सुका चारा द्यावा. दाणा द्यायचाच असेल तर मूठभर, आणि रोज थोडा थोडा वाढवत. एवढे पाळले तर पुष्कळ बकरे ईदपर्यंत धड राहतील.

पण ‘आधी’ या उत्तराचा सर्वांत मोठा फायदा आंबवण्याच्याही पुढचा आहे. आंबलेला माल चौथ्या पोटात येतो तेव्हा त्याच्यासोबत जंतूही येतात, कोट्यवधींच्या संख्येने. खरे पोट त्यांना मारते आणि पचवते. म्हणजे म्हैस गवत खाते ते जंतूंसाठी. तिची स्वतःची प्रथिने येतात बरीचशी जंतू खाऊन. त्यासाठी तिच्या जठरात लायसोझाइम नावाचे, जीवाणूंची भिंत फोडणारे द्रव्य असते. आपल्या अश्रूंत जे असते त्याचाच हा नातलग, पण आम्लात टिकणारा. गंमत अशी की येऊरच्या जंगलात पाला खाणाऱ्या लंगूर वानरानेही जठराच्या पुढच्या भागात जंतू ठेवलेले आहेत, आणि 1987 मध्ये संशोधकांनी त्याचे लायसोझाइम तपासले तेव्हा ते गाईच्या लायसोझाइमच्या दिशेने बदललेले निघाले. गाय आणि वानर यांचे नाते फार दूरचे. एकाच प्रश्नाचे एकच उत्तर दोघांनी वेगवेगळे शोधले.

जंतू प्रथिने बनवतात ती साध्या नत्रापासूनही. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के, वर सिलिका भरपूर. घोड्याने नुसता तो खाल्ला तर हाडे दिसू लागतील. ठाणे-पालघरच्या गवताच्या वखारींतून मुंबईच्या तबेल्यांना गवत जाते आणि भात निघाला की पेंढाही. त्यावर म्हैस तग धरते, कारण तिच्या रक्तातला युरिया लघवीत वाया न जाता लाळेतून आणि कोठीपोटाच्या भिंतीतून जंतूंकडे परत येतो. हेच तत्त्व वापरून पेंढ्यावर युरिया प्रक्रिया करतात: शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून झाकायचा आणि तीन आठवडे ठेवायचा. अमोनियाने पेंढा मऊ पडतो आणि जंतूंना नत्र मिळते. पण युरियाची गोण उघडी राहून जनावराने तो तसाच चाटला, तर अमोनिया एकदम रक्तात शिरून काही तासांत मरण येते.

करडू किंवा पारडू जन्मते तेव्हा मात्र त्याच्यात यातले काहीच चालू नसते. चौथे पोट सर्वांत मोठे, कोठीपोट चिमुकले. दूध कोठीपोटात गेले तर सडेल, म्हणून अन्ननलिकेच्या टोकाशी एक खाच असते. पिलू चोखू लागले की तिच्या कडा मिटून नळी तयार होते आणि दूध थेट खऱ्या पोटात उतरते. आईला चाटत, चारा हुंगत, मातीत तोंड घालत पिलू जंतू गोळा करते आणि काही आठवड्यांत कोठीपोट मोठे होते.

आता तो ओठांचा मुद्दा. म्हशीने चाऱ्यासोबत तार किंवा खिळा गिळला की तो जड असल्याने जाळीपोटात पडतो आणि तिथल्या कप्प्यांत अडकतो. जाळीपोट दर मिनिटाला आकुंचन पावते. त्याच्या पुढे पातळ पडदा, आणि पडद्यापलीकडे लगेच हृदय. अंतर काही सेंटिमीटरचे. टोकदार तार हळूहळू भिंतीतून, मग पडद्यातून हृदयाच्या आवरणात घुसते. गाभणपणाच्या शेवटी पोटातला दाब वाढला की हे जास्त घडते. म्हैस पाठ कमानीसारखी करून, कोपरे बाहेर काढून उभी राहते, उतारावरून चालायला नको म्हणते, पुढे पोळीत सूज येते. तोवर बहुधा उशीर झालेला असतो. यंत्रमागाच्या गावात तुटक्या फणीच्या तारा, खिळे, मोळे यांना तोटा नाही, म्हणून कारखान्याचा केरकचरा आणि चारा यांची भेट होऊ न देणे हे इथल्या तबेलेवाल्याचे पहिले काम. बकरी याच गल्लीत हिंडूनही तिला हा आजार क्वचित होतो, कारण तिचा ओठ तार बाजूला सारतो. काही ठिकाणी जनावराला मुद्दाम गुळगुळीत चुंबक गिळवतात. तोही जाळीपोटात जाऊन बसतो आणि लोखंड स्वतःशी धरून ठेवतो.

प्लास्टिकची गोष्ट याहून वाईट, आणि तिथे बकरीही सुटत नाही. कोठीपोटातून पुढे जाण्याचे दार अरुंद आहे. काही मिलिमीटरपर्यंत बारीक झालेला चोथाच पुढे सरकतो. जंतू पिशवी तोडू शकत नाहीत, रवंथ करून ती बारीक होत नाही, म्हणून एकदा आत गेलेली पिशवी जन्मभर आतच. तिच्याभोवती सुताचे गुंते, दोऱ्या, चिंध्या गुंडाळत जातात आणि जनावर पोट भरलेले असून उपाशी राहते. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. गायींची पोटे उघडणाऱ्या पशुवैद्यांना ती बंदी अजून फारशी जाणवलेली नसावी. शस्त्रक्रिया तशी सरळ: जनावर उभे ठेवून डावी भकाळी बधिर करायची, कोठीपोट उघडून हाताने गोळा बाहेर काढायचा, टाके घालायचे. आतले टाके पूर्वापार कॅटगटचे, म्हणजे मुख्यतः मेंढीच्या आतड्याच्या मधल्या थरापासून बनवलेल्या धाग्याचे. एका रवंथ करणाऱ्याच्या आतड्याने दुसऱ्याचे पोट शिवायचे. हाच चिवट थर पिळून पिंजाऱ्याच्या धनुकलीची तातही बनत असे, आणि तिच्या टणत्काराने कापूस मोकळा होत असे.

वरातीची घोडी हे अगदी उलट उत्तर. घोड्याने जंतूंचे बिऱ्हाड जठरानंतर थाटले आहे. त्याचे जठर अंगाच्या मानाने चिमुकले, आठ ते पंधरा लिटरचे. अन्न तिथून आणि सुमारे बावीस मीटर लांब लहान आतड्यातून भराभर पुढे जाते. साखर, स्टार्च, प्रथिने यांचे पचन आपल्यासारखेच होते. उरलेला चोथा पोहोचतो अंधांत्रात, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या एका बाजूने बंद थैलीत. माणसात ती लहानशी असते आणि तिला अपेंडिक्स लोंबते. घोड्यात ती सुमारे मीटरभर लांब आणि तीस लिटरच्या आसपास. तिच्यापुढचे मोठे आतडे आणखी ऐंशी लिटरचे. आंबवणे इथे चालते, आम्ले रक्तात जातात, इथवर ठीक. पण जंतू पचवणारे जठर मागे राहून गेलेले असते. त्यामुळे जंतूंची बरीचशी प्रथिने लिदीतून बाहेर पडतात, आणि घोड्याला चाऱ्यातच चांगली प्रथिने द्यावी लागतात.

घोड्याची लीद हातात घेतली तर गवताच्या काड्या ओळखू येतात. गाईचे शेण मऊ, एकजीव असते, कारण तिचा घास दोनदा चावलेला आणि बारीक होईपर्यंत अडवून ठेवलेला असतो. अंगण शेणाने सारवता येते, लिदीने तो गुळगुळीतपणा येत नाही. मात्र अडवून ठेवण्याची सक्ती नसल्यामुळे घोडा निकृष्ट चारासुद्धा जास्त प्रमाणात खाऊन, जास्त वेगाने पुढे ढकलून गुजराण करू शकतो. रानात झेब्र्याला म्हणूनच रवंथ करणाऱ्या बऱ्याच प्राण्यांपेक्षा जाडेभरडे गवत चालते. बकरीच्या लेंड्यांचे कारण आणखी खाली आहे: तिच्या मोठ्या आतड्याची चकलीदार गुंडाळी आणि त्यापुढचा भाग इतके पाणी शोषून घेतो की शेवटी सुटे, कोरडे दाणे बनतात. गाईच्या आतड्याला तशीच गुंडाळी असली तरी तिच्या शेणात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी उरते.

घोड्याला उलटी होत नाही, हे त्याच्या रचनेतले सर्वांत क्रूर कलम. अन्ननलिका जठरात तिरकी शिरते आणि तिथला स्नायूचा वळसा इतका घट्ट असतो की जठर फुटेल पण माल वर येणार नाही. मोठे आतडे ओटीपोटाजवळ एकदम वळते आणि तिथेच अरुंद होते. चोथा अडकायची ही ठरलेली जागा. ते आतडे पोटाच्या भिंतीला नीट बांधलेलेही नसते, त्यामुळे त्याला पीळ पडतो. माथेरानच्या चढणीवरची घोडी असोत की वरातीची, लोळण घेणारा, पोटाकडे वळून बघणारा, घामाघूम घोडा म्हणजे शूळ, आणि तिथे ‘बघू सकाळी’ म्हणून चालत नाही. शिवाय घोड्याला पित्ताशय नसते. तो सतत थोडे थोडे चरणारा. पित्त साठवून ठेवण्याची गरजच नाही. आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते मोनेन्सिन नावाचे औषध, जे गाईला ठरावीक मात्रेत चालते, ते घोड्याला थोडेसेही प्राणघातक ठरते. तबेल्यात एकाच पत्र्याखाली दोन्ही खाद्यांच्या गोणी असतील तर हे ध्यानात असू द्यावे.

पशुवैद्यकाचा इतिहास मात्र सारा घोड्याचा. क्लोद बुर्जला यांनी फ्रान्समधल्या ल्यों शहरात 1762 मध्ये पहिली शाळा सुरू केली. आपल्याकडे लाहोर 1882 आणि परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 मध्ये निघाले. रस्त्यांवर घोडे होते, लष्करात घोडे होते. सेप्टिमस सिसन यांचे पाळीव जनावरांच्या शरीररचनेवरचे पुस्तक 1914 मध्ये सध्याच्या नावाने आले आणि पिढ्यान्पिढ्या चालले. त्यात प्रत्येक अवयवाची सुरुवात घोड्यापासून, गाय नंतर आणि म्हैस जवळपास नाहीच. ज्या मुंबईने 1949 मध्ये तबेले शहराबाहेर नेण्यासाठी आरे वसाहत उभारली, त्या मुंबईच्या विद्यार्थ्यांनी घोडा पाठ करून म्हशीवर उपचार करायचे, हा प्रकार बराच काळ चालला.

सशाने या दोन्ही उत्तरांत तडजोड केली. जंतू घोड्यासारखे अंधांत्रात, पण त्यांची प्रथिने वाया घालवणे त्याला परवडत नाही. म्हणून तो रात्री मऊ, चिकट, घोसाने येणाऱ्या लेंड्या टाकतो आणि थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो. दिवसा पिंजऱ्यात दिसतात त्या कोरड्या लेंड्या वेगळ्या. ससा पाळणाऱ्या मुलांना याची किळस येते. ससा मात्र ज्या प्रथिनांना घोडा मुकतो ती दुसऱ्या फेरीत वसूल करतो.

मटणाच्या दुकानासमोर वाट पाहणारी मांजर या प्रश्नात पडतच नाही. तिला सेल्युलोज नको, म्हणून मोठे बिऱ्हाडही नको. आतड्याची एकूण लांबी अंगाच्या मानाने बघितली तर बकरीची सुमारे पंचवीस पट, गाईची वीस, डुकराची चौदा, घोड्याची दहा-बारा, कुत्र्याची पाच आणि मांजरीची चार. मांसात पचायला वेळ लागण्यासारखे फारसे काही नसते. कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे वाढला आणि त्याचे शरीरही त्याला साजेसे झाले: 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुक-अभ्यासात कुत्र्यांमध्ये स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त प्रती सापडल्या. भात-पोळीवर गावठी कुत्रा ठणठणीत राहतो तो त्यामुळे. मांजर अशी बदलली नाही. गोडाची चव ओळखणारे तिचे जनुकच निकामी असल्याचे 2005 मध्ये कळले. टॉरिन हे द्रव्य आणि तयार अ जीवनसत्त्व तिला मांसातूनच लागते. दूध-पोळीवर मांजर पोसता येते हा आपल्याकडचा समज तिला उंदीर सापडतात तोवरच टिकतो.

भिवंडीच्या मांजरीला मात्र एक धोका जास्तीचा आहे, तो म्हणजे सूत. मागाखालचा धागा खेळता खेळता गिळला जातो. त्याचे एक टोक जिभेखाली अडकते, दुसरे आतड्यात उतरते. आतडे स्वतःला पुढे ढकलत राहते आणि ताणलेल्या धाग्यावर चुण्या पडून शेवटी जागोजागी कापले जाते. उलट्या करणाऱ्या मांजरीच्या जिभेखाली धागा दिसला तर तो ओढू नका. तसाच ठेवून पशुवैद्याकडे न्या.

राहिले पक्षी. कोंबडीला दात नाहीत, पण चावणे तिने टाळलेले नाही, ते खाली हलवले आहे. दाणा आधी गळ्याच्या पिशवीत भिजतो, मग पाचकरस पाझरणाऱ्या छोट्या जठरात आणि मग त्या जाड मांसल अवयवात, जो दुकानात कलेजीसोबत ‘पेटा’ म्हणून मिळतो. साफ करताना आतली पिवळी कडक साल सोलून टाकतात आणि तिच्यात वाळूचे, दगडाचे खडे सापडतात. कोंबडी ते मुद्दाम गिळते. रेओमुर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1752 मध्ये अशा पक्ष्यांना धातूच्या नळ्या गिळवल्या, त्या चेपून बाहेर आल्या. मग त्याने पाळीव घारीला जाळी लावलेल्या नळीत मांस घालून दिले. नळी जशीच्या तशी, मांस मात्र विरघळलेले. पचन म्हणजे निव्वळ दळणे नव्हे, रसांचेही काम आहे, हे त्या घारीने ओकून टाकलेल्या नळ्यांतून सिद्ध झाले. कोंबडीला दोन अंधांत्रे असतात आणि त्यांत थोडे जंतूही राहतात, पण जिथे दाणाच मिळतो तिथे त्यांचे काम मर्यादित.

गच्चीवरच्या कबुतरांनी तेवढेही ठेवलेले नाही. त्यांची अंधांत्रे नावापुरती, पित्ताशय नाहीच. उडणाऱ्याला पोटात कित्येक लिटर आंबट पाणी घेऊन फिरता येत नाही. दाण्यात ऊर्जा दाट असते आणि तो काही तासांत निकालात निघतो. जंतूंऐवजी कबुतराने वेगळीच सोय केली आहे. अंडी उबवताना नर आणि मादी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीचे अस्तर जाड होते, त्याच्या पेशी सुटून दह्यासारखा पदार्थ तयार होतो आणि पिलाला पहिले काही दिवस तोच भरवला जातो. या अस्तराच्या जाडीवरूनच 1930च्या दशकात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक मोजत असत. तेच संप्रेरक म्हशीच्या कासेतही काम करते. पिलाला हा दह्यासारखा पदार्थच लागतो, म्हणून अंड्यातून नुकतेच निघालेले पिलू आईबापांपासून वेगळे केले तर दाणा भिजवून भरवला तरी ते बहुधा जगत नाही. आणि मोठ्या कबुतरांना उस्ताद लोक उडवण्याआधी दाणा टाकत नाहीत. रिकाम्या पिशवीचे कबूतर हलके उडते, आणि भुकेमुळे शिट्टी ऐकताच खाली येते.